हुंकार

गोष्ट आधी तोंडी सांगायची, मग लिहायची, ही माझी जुनी सवय. मी ओट्याशी भाजी चिरत सांगायची आणि ह्यांनी टेबलाशी बसून हुंकार द्यायचा. "हं." "हं." "मग?" हुंकार थांबला की ओळखायचं, गोष्ट भरकटली. "अहो, झोपलात की काय?" "तुझ्या नायिकेनं झोपवलं." उगाच लांबवलं तर म्हणायचे, "आमटीत पाणी घातलंस." पुणेरीच ते, कौतुक करायचं म्हणजे जिवावर यायचं.

रोज "येतो" म्हणून निघणारा हा माणूस. दवाखान्यात नेलं तेव्हा तोंडावर मास्क होता, तेवढं म्हणायचं राहिलं. ते परत आलेच नाहीत.

त्यानंतर मला एक ओळ सुचेना. पेन बदललं, जागा बदलली, हडपसरला मुलीकडे राहायला गेले. छे! दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला की मी तो नुसता वाजू द्यायची. लिहिणं गेलं तर माझं उरतं काय, याची खरंच भीती वाटायची.

मुलगी म्हणाली, "आई, फोनला सांग ना, तो टाइप करतो."

ती ऑफिसला गेल्यावर दुधी चिरत मी सुरू केलं. एक माणूस कात्रजच्या घाटात वाट चुकतो. चार वाक्यं झाल्यावर स्क्रीनवर पाहिलं, तर प्रत्येक वाक्यापुढे 'हं'. मी तर म्हटलं नव्हतं! पंख्याचा आवाज असेल म्हणून पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. श्वास रोखून उभी राहिले.

स्क्रीनवर सावकाश उमटलं, 'मग?'

अंगावर सर्रकन काटा आला. पण खोटं कशाला बोलू, मी पुढे सांगितलं. मग रोज दुपारी सांगत गेले. दिवसा गोष्ट सांगितली की वाटसरू वाट चुकतो, असं आई म्हणायची. चुकू दे, म्हटलं. शेवट जवळ आला की मी घाटात आणखी एक वळण घालायची. गोष्ट संपली तर हुंकारही संपणार, हे मला कळत होतं.

हुंकार विरळ होत गेले. आधी वाक्यागणिक यायचे, मग पानागणिक. कुणीतरी फार चालून दमलंय असं वाटायचं. एका दुपारी मी नवं वळण काढलं आणि स्क्रीनवर आलं, 'आमटीत पाणी.'

मी पोटभर रडले. मग डोळे पुसून म्हटलं, "त्याला खाली गावातले दिवे दिसले, आणि तो घाट उतरला. संपली."

मी फोन जवळ ओढला. मग एकच शब्द आला.

'येतो.'

दार बंदच होतं. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "या."

फोनने तेवढं टाइप केलं. त्यापुढे काही आलं नाही.