शिंपीणबाईंचे पाय

शनिवार, १४ जून. पावणेसहाला उठले. नळाचा वायसर बदलून घेतला. अकरा वाजता शिंपीणबाईंच्या दुकानात. तागा उतरला. हसून हसून कुशीत कळ आली.

दुपारी एवढंच लिहिलं, पण त्यामागे सहा आठवडे आहेत.

शिंपीणबाईंचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि चाळीस वर्षं मशीनवर वाकून कमान झालेली पाठ. एप्रिलमध्ये वरच्या फळीवरचा कापडाचा तागा त्यांच्या हातून निसटला तो थेट डोक्यावर. मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता. दुकान बंद करू." बाई हटून बसल्या. शेवटी ठरलं, १४ जूनला तोच तागा त्याच्यासमोर एकटीने उतरवायचा. नाही जमलं तर किल्ल्या त्याच्याकडे.

माझी भाची पिलाटीस नावाचा पाठ-खांदे बळकट करणारा व्यायाम शिकवते. तिच्याकडे रिफॉर्मर आहे, म्हणजे रुळांवर सरकणारा अरुंद पलंग, त्याला स्प्रिंगा आणि ओढायच्या दोन पट्ट्या. तयारी तिथेच करू म्हटलं, पण बाईंना एकटीने जायची लाज, म्हणून मीही नाव घातलं.

"मावशी, ताठ बसा," भाची बाईंना म्हणाली. "कोपरं मागे न्या, खांदे कानांपासून लांब. खांद्यांमागची दोन्ही हाडं एकमेकांकडे. परत येताना सावकाश, पलंग आपटायचा नाही."

बाईंनी पट्ट्या ओढल्या मात्र, त्यांचे पाय सुरू झाले. हात कामाला लागले की पाय मशीनचं पायडल मारणारच. समोरच्या चौकटीवर पाय दणादण आणि पलंग खडखड पुढे-मागे.

"मावशी, पाय."

"अगं, मी कुठे हलवतेय? तेच हलतायत."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत हसणाऱ्या मुलीला सिस्टर बाकावर उभं करायच्या. त्या दिवशी मला बाक पुरला नसता, छपरावरच चढवावं लागलं असतं.

"हसा, ताई, हसा," बाई म्हणाल्या. "डायरीवर वाकून वाकून तुमचंही प्रश्नचिन्ह झालंय."

पुढचे दोन वर्ग तेच. चौथ्या वर्गाला बाईंनी गळ्यातली टेप काढली, स्वतःचे घोटे करकचून बांधले आणि म्हणाल्या, "आता बघते कसे पळतात." पलंग पहिल्यांदा गुमान सरकला आणि गुमान परत आला. पाचव्या आठवड्यात टेपही सुटली.

आज मुलगा फळीखाली दोन्ही हात पसरून उभा.

"बाजूला हो. मी झेल द्यायला आलेले नाही."

बाईंनी हात वर नेले. खांदे कानांपासून लांब. ताग्याला मिठी घातली आणि "आपटायचा नाही, आपटायचा नाही" असं पुटपुटत तो टेबलावर असा ठेवला की कात्रीसुद्धा हलली नाही.

मुलगा आईला वळसा घालून मागे आला. मग म्हणाला, "आई, तुझा ब्लाउज मागे का फुगलाय?"

बाईंनी पाठीला हात लावला आणि मटकन स्टुलावर बसल्या. पोकासाठी त्या स्वतःच्या ब्लाउजची पाठ नेहमी दोन बोटं लांब कापत. पोक कमी झालं, ब्लाउज तोच राहिला.

"म्हणजे सगळे उसवावे लागणार," त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या. मग मी लागले. मुलाने हसू दाबत, आधीच खिशात टाकलेल्या किल्ल्या खिळ्याला परत टांगल्या.

संध्याकाळी. उशांचे चार अभ्रे शिवायला टाकले. गुरुवारी मिळतील.