तिने बांधून ठेवलेली फाइल

माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याची पहिली बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी शाळेत होती. ती मला मावशी म्हणायला लागली, ते आजतागायत. मम्मी हा शब्द त्या घरात एकीचाच होता. भिंतीवरच्या तिच्या फोटोची मला सवय झाली. फोटो गप्प असतो, त्याच्याशी निभावून नेता येतं.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याच्या हातून कपाटावरची हार्ड डिस्क फरशीवर पडली. तो खाली बसलाच. म्हणाला, "तिचं सगळं ह्यातच हाय गं."

सगळं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. लेकीच्या लहानपणचे व्हिडिओ, तिच्या आवाजातली अंगाईगीतं, घरातली बोलणी. मोबाइलमध्ये नवी जागा करायला तिने ते एकत्र दाबून, म्हणजे झिप करून, मोठ्या फाइलचे भाग पाडून डिस्कवर ठेवले होते. इतकी वर्षं नवऱ्याला ते उघडायचा धीर झाला नव्हता. आता उघडतच नव्हते.

"तुला जमंल का बघ की," तो म्हणाला.

मला जमणार होतं, हेच वाईट होतं. मी शिरोलीत एका फौंड्रीच्या ड्रॉइंग विभागात आहे. जुन्या साच्यांची ड्रॉइंग झिप करून जपायची, खराब झालेली परत मिळवायची, हे माझं रोजचं काम.

रविवारी दुपारी बसले. मार लागलेल्या डिस्कवर खटपट करायची नसते. आधी जे वाचता येईल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मूळ बाजूला ठेवायची. तसं केलं. मग फाइल उघडायला गेले, तर स्क्रीनवर आलं, फाइल करप्ट आहे. मुलगी माझ्या खुर्चीमागेच उभी होती. मला हायसं वाटलं. चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, पण वाटलं.

ते फार टिकलं नाही. फाइलची माहिती बघताना दिसलं, की दाबताना तिने रिकव्हरी रेकॉर्ड घातला होता. म्हणजे फाइलमध्येच थोडी जादा माहिती भरून ठेवायची. पुढे एखादा तुकडा बिघडला तर त्यावरून तो परत उभा करता येतो. फाइल जराशी फुगते, म्हणून बहुतेक जण नको म्हणतात. तो घाला म्हणून आमच्या इंजिनिअर लोकांच्या मी किती मागे लागले असेन. आणि ही, शाहूपुरीतल्या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम करणारी बाई, कुणी न सांगता करून बसली होती. पोळ्या तिच्या मऊ, रांगोळी तिची सुबक, हे मी ऐकत आले होते. कॉम्प्युटर तरी माझा आहे असं समजत होते.

दुरुस्तीला लावलं. एकेक भाग बरा होत गेला. एक मात्र डिस्कवरून उतरलाच नव्हता. जे मुळात हातातच नाही, ते दुरुस्त कसं करणार? तो नसला तर बरेचसे व्हिडिओ अर्ध्यावर तुटणार होते.

"दुसरी कॉपी नाही?" मी विचारलं.

नवरा आठवत राहिला. "आजऱ्याला तिच्या आईकडं एक पेन ड्राइव्ह दिलता बघ तिनं."

आम्ही तिघंही निघालो. तिच्या माहेरी मी पहिल्यांदाच गेले. म्हातारीने मला दारातच न्याहाळलं. "ये की आत. भायेर का हुबी?" म्हणाली आणि नातीला पोटाशी धरलं. चहा झाल्यावर तिने लुगड्यांच्या कपाटातून स्टीलची डबी काढली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत पेन ड्राइव्ह होता.

"घरात आग लागली, चोरी झाली, तर एक हितं असावं म्हणलीती," म्हातारी सांगत होती. "दर दिवाळीला यायची, लावून बघायची, चालतंय का म्हणून. ती गेल्यावर कोण बघणार?"

मी लॅपटॉप सोबत नेला होता, दुरुस्त झालेले भाग त्यात होते. एवढी वर्षं पडून असलेला पेन ड्राइव्ह वाचेल याची खात्री नव्हती. तो अडखळत वाचला. काही भाग गेलेच होते, पण आम्हाला हवा तो आला. तिथेच सगळं जोडून तपासणी लावली. "एकही चूक नाही," असं स्क्रीनवर आलं तेव्हा मुलीने मला मागून मिठी मारली. "मावशी, तू भारीच हायस!" त्याच क्षणी वाटलं, ही मिठीही तिच्यासाठीच आहे.

पहिला व्हिडिओ लागला. स्वयंपाकघर आमचंच, रंग वेगळा. ती कॅमेऱ्याकडे बघून ओरडत होती, "अहो, मोबाइल आडवा धरा की! पोरीचं डोस्कं कापाय लागलाय!" मोबाइलमागून माझा नवरा हसत होता. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत. असा हसताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. शेजारी बसलेला तो रडत होता. म्हातारीने पदर तोंडाला लावला. मी उठून मागच्या पडवीत गेले आणि उगाच हात धूत राहिले.

परत आल्यावर मी तीन कॉप्या केल्या. एक घरी, एक मुलीकडे, एक आजऱ्याला. तिन्हींत रिकव्हरी रेकॉर्ड घातला, तिन्ही उघडून तपासल्या. कामात कसूर केली नाही. नवरा म्हणाला, "तू नसतीस तर गेलंच हुतं बघ सगळं." मी म्हटलं, "तिनं नीट ठेवलं होतं म्हणून मिळालं." खरं होतं ते. बोलताना जीभ जड झाली, तरी बोलले.

हल्ली मुलगी अधूनमधून लावते ते व्हिडिओ. मला हाक मारते. मी कधी जाऊन बसते, कधी भाजी करपेल म्हणते.