वाळूवरचे स्कोन आणि सोळा सोमवार

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. भाजलेले शेंगदाणे पाखडले की सालपटं कशी ओट्याच्या कोपऱ्यात, स्टोव्हच्या मागं, पदराच्या घडीत कुठंही जाऊन बसतात, तसंच त्यांचं. घर झाडून झालं म्हणावं, आणि चार दिवसांनी एखादा डबा हलवला की मूठभर निघतात! आमच्या सोमवारच्या बायका जमल्या की अजूनही कुणीतरी तो डबा हलवतंच. "वत्सलावैनी, ते स्कोनचं सांगा की!"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत राहत होतो. हे कापडाच्या दुकानात बसायचे. दुकानासमोरच मिठाईवाला, आणि यांचा जीव कुंद्यावर. एकदा नवी चप्पल यांच्या उजव्या अंगठ्याला चावली. महिना झाला तरी जखम भरेना. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि शुगर निघाली.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे. "शुगर खाली आली तर जखम भरेल. नाही आली, तर अंगठा काढावा लागेल."

परत येताना टांग्यात हे पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडं बघत बसले. टांगा कॅम्पातनं, लष्करी वस्तीतनं, खाली उतरला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "अंगठ्याचं ऱ्हाऊ दे गं. कुंदा कायमचा बंद म्हणाले, का थोडे दिवस?"

त्याच संध्याकाळी दिवा लावला आणि मी सोळा सोमवार बोलले.

*

डॉक्टरांनी सांगितलं होतं, भात-भाकरी कमी. डाळी, शेंगा, भाज्या जास्त. दोन्ही वेळचं जेवण मी सांभाळलं. पण दुपारी चारची भूक! त्या वेळी यांचे पाय आपोआप समोरच्या मिठाईवाल्याकडं वळायचे.

आमच्या थोरलीला शाळेत शिकवणाऱ्या ग्रेसबाई कॅम्पात राहायच्या. तब्येतीची चौकशी करायला आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी घरी स्कोन करते. छोटे, खारे, पाव आणि बिस्किटाच्या मधले. तुम्ही मैदा टाकू नका. शेंगदाणा आहे ना? नारळ आहे? त्याचेच करू."

शेंगदाण्याचं कूट, जवसाची पूड, ओल्या नारळाचा कीस, मूठभर हरभऱ्याचं पीठ. त्यात लोणी, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं. शेवटी आंबट ताक आणि सोडा.

यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, भावाचं दुखणं ऐकून निपाणीहून येऊन राहिल्या होत्या. कडक सोवळ्याच्या. दाराआडून त्यांनी एकच विचारलं, "अंडं?"

"नाही आक्का, अंडं नाही," ग्रेसबाई म्हणाल्या. "जवसानं मिळून येतं."

"मग ते साह्यबाचं खाणं कसलं!" आक्का म्हणाल्या. सुटका झाली की निराशा, ते काही कळलं नाही.

ग्रेसबाई गेल्या आणि मी पदर खोचला. वीस वर्षं पोळ्या केलेला हात! चांगलं दणकून मळलं, गोळा केला, ओल्या फडक्याखाली तासभर मुरवत ठेवला. कुटाला तेल सुटलं, सोड्याचा जोर फडक्याखालीच विरला. भाजून निघाले ते तेलकट दगड.

यांनी एक उचलला, टेबलावर टकटक वाजवून बघितला आणि म्हणाले, "अगं, चपलीऐवजी हे लागलं असतं तर अंगठा तवाच गेला असता!"

दुसऱ्या दिवशी ग्रेसबाईंनी माझं मनगटच धरलं. "हात लावला, न लावला, असं. घाईनं भांड्यात. याला मुरायला आवडत नाही."

मी मनात म्हटलं, आजवर जे काही सुधारलं ते रगडूनच सुधारलं. न रगडता सुधारणारं हे पहिलंच!

*

ओव्हन कुठला आमच्याकडं? जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, वाळूवर स्टीलची जाळी, जाळीवर ताटली, वर घट्ट झाकण, खाली रॉकेलचा स्टोव्ह.

वाळू दिली शेजारच्या पद्माक्कानं. तिचं माहेर चिकोडीकडचं, जैन. वाळू धुतली, वाळवली, तीनदा चाळली. मी म्हटलं, "पद्माक्का, खायची नाही ती, नुसती तापवायची आहे!"

"म्हणूनच की," ती म्हणाली. "एखादी मुंगी ऱ्हायली असंल तर? तुझा नवरा बरा व्हायचा, आन् तिचा जीव जायचा!"

चौथ्यांदा मीच चाळली.

भाजायचा वेळ कसा मोजायचा हाही प्रश्नच. घड्याळ यांच्या मनगटावर, ते दुकानात. पण सोमवारी माझ्याकडं बायका कथेला जमायच्या, आणि एकदा सहज लक्षात आलं, की कथा सुरू करताना ताटली आत ठेवली तर आरतीच्या आधी स्कोन नेमके बदामी होतात. मग तेच ठरलं.

कथा आक्का वाचायच्या. चौथ्या सोमवारी मध्यावर आलो असताना कोपऱ्यावरच्या शांताबाई धापा टाकत आल्या. "माझी सुरुवात हुकली! आता पुण्य कसं मिळायचं?" आक्कांनी चष्मा सारखा केला आणि कथा पहिल्यापासून सुरू केली!

थोड्या वेळानं वास यायला लागला. मग धूर. मी उठायला गेले, तर आक्कांनी वाचता वाचताच डोळे वटारले. कथेतनं उठायचं नसतं. आम्ही सात बायका हात जोडून, डोळे चोळत, खोकत बसलो. पद्माक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कैलासावर असंच धुकं असतंय काय गं?"

*

सहाव्या सोमवारनंतर एक चमत्कार झाला. हे देवळात जायला लागले!

लग्नाला वीस वर्षं झाली होती. माणूस कधी देवळाची पायरी चढला नव्हता. आता दुकानातनं सुटले की थेट देऊळ. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. लंगडत लंगडत जायचे. माझे डोळे भरून यायचे. वाटायचं, अंगठ्याचं जे व्हायचं ते होवो, माझ्या व्रताचं फळ मला मिळालं.

दर सोमवारी सकाळी मी घरीच टेस्ट करायची. डॉक्टरांनी काचेची नळी आणि निळं औषध दिलं होतं. हे मोरीतनं वाटी आणून द्यायचे. औषधात आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर शुगर नाही. हिरवं म्हणजे थोडी, पिवळं म्हणजे बरीच, आणि विटकरी म्हणजे देवा!

स्कोन सुरू झाल्यापासून रंग हिरव्यावर आला होता. आठव्या सोमवारी विटकरी!

मी रडकुंडीला आले. "खाण्यात काही चुकलं नाही हो, मग असं कसं?"

पद्माक्का दारात उभी होती. तिनं बोटं मोडत हिशेब केला. "सोमवारी चुरमा. मंगळवारी मोदक. गुरुवारी पेढं. शुक्रवारी शिरा..."

हे जागचे हलले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले, "प्रसाद नाकारायचा नसतोय. तुझ्याच कथेत हाय की!"

होतंच की ते कथेत!

दोन दिवस मला देवापुढं बसवेना. शेवटी महादेवाच्या देवळातल्या म्हाताऱ्या गुरवाकडं गेले आणि सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, देव भाव खातो. गोड माणसं खातात." मी स्कोनची पुडी त्यांच्या हातात ठेवली. पुढच्या सोमवारी यांनी मोठ्या आशेनं ओंजळ पुढं केली आणि तीत घरचाच खारा स्कोन पडला! घरी येऊन म्हणाले, "देवाला बी फितवलीस काय गं?"

बाकीची देवळं त्यांनी आपणहूनच सोडली.

*

अकराव्या सोमवारी नळी निळी राहिली. निळीशार! मी तुपाचा दिवा लावला, ग्रेसबाईंना निरोप धाडला.

आक्का मात्र यांची पट्टी बदलत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "रंग निळा, आन् जखम ओली? ह्ये कसं काय गं वत्सला?"

माझ्या मनात काहीतरी लकाकलं. मी आत गेले, दुसरी नळी घेतली. निळं औषध, आठ थेंब पाणी. साधं हंड्यातलं. तापवलं. निळंच!

दोन्ही नळ्या घेऊन यांच्यासमोर बसले. ओरडायचं ठरवलं होतं, पण दोन्ही नळ्या नुसत्या शेजारी शेजारी धरल्या.

यांनी नळ्यांकडं बघितलं. "काल कुंदा खाल्लो. खोटं कशाला सांगू? सकाळी तू उपाशीपोटी ती नळी धरून बसतीस. तुझं त्ये तोंड बघवंना. म्हणून वाटीत पाणी भरलो."

"माझं तोंड बघवत नाही," मी म्हटलं, "मग उद्या अंगठ्याची जागा बघवेल?"

यांनी ताटलीतला स्कोन उचलला, सावकाश खाल्ला. मग दुसरा उचलला. म्हणाले, "मिरची एक कमी घाल. न्हायतर ब्येस हाईत."

अडीच महिने तेच खात होते. चवीबद्दल बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

*

त्यानंतर रंग उतरत गेला. पिवळा, मग पोपटी, मग हिरवा. पंधराव्या सोमवारी नळी निळी राहिली.

मी बघितली आणि खाली ठेवली. दिवा लावला नाही, कुणाला हाक मारली नाही. एकदा फसलेलं मन ते. देवावर विश्वास ठेवणं सोपं असतं, नवऱ्यावर जरा जड जातं.

यांनी ओळखलं. दुसरी नळी घेतली, माझ्यादेखत हंड्यातल्या पाण्याचे आठ थेंब टाकले, दिव्यावर धरली. मग दोन्ही नळ्या पाठीमागं नेऊन इकडच्या तिकडं केल्या आणि माझ्यापुढं धरल्या.

"सांग बघू. ह्यात पाणी कुठलं आन् मी कुठला?"

मी खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितल्या. पुन्हा बघितल्या. मला सांगता येईना.

"मला तरी कुठं कळतंय!" हे म्हणाले. आणि आम्ही दोघंही लहान पोरांसारखे हसायला लागलो. मी हसता हसता कधी रडायला लागले, ते मात्र आठवत नाही.

*

सतराव्या सोमवारी उद्यापन. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली होती. "अंगठा राहिला तुमचा. पण पथ्यही राहणार, जन्मभर," असं बजावून.

घर माणसांनी भरलं होतं. ग्रेसबाई आल्या होत्या, शांताबाई पहिल्यांदाच वेळेवर आल्या होत्या. आक्का कथा वाचत होत्या, आत वाळूवर स्कोन होते. कथा रंगात आली आणि अचानक आक्का थांबल्या. नाक वर केलं.

"वत्सला, वास आला. आधी उतरव जा. शंकर थांबतोय."

पद्माक्कानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आणि मी कथेतनं उठले!

आरती झाली. चुरम्याचे तीन भाग करायचे असतात : एक देवाचा, एक गायीचा, एक घरच्यांचा. गायीचा भाग मी परसदारी आलेल्या तांबडीला आधीच घातला होता. आक्का घरच्यांना वाटत वाटत यांच्यापुढं आल्या. म्हणाल्या, "आजच्या दिवस चमचाभर घे रं. प्रसादाला न्हाय म्हणू नये."

मी पुढं सरकले. पण आक्कांना कोण अडवणार?

यांनी दोन्ही हात पुढं केले. चुरमा घेतला, कपाळाला लावला. "बाहेर जरा वारं बरं हाय," असं म्हणत परसदाराकडं गेले. अंगठा नीट टेकवत, जराही न लंगडता.

मी तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले होते. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तांबडी अजून परसात रेंगाळत होती. यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अगदी मिठाईवाल्याच्या दारात बघायचे तसंच, आणि ओंजळ तिच्या तोंडापुढं धरली. तिनं तळहात चाटून साफ केला. यांनी तो धोतराला पुसला.

मग आत आले, ओठांवरनं जीभ फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई गोड झालाय, आक्का!"