दर्यापूरची पवनचक्की आणि भूकंपाचा धोका

सरकारी नोकरीत पगार पुरत नाही, पण किस्से मात्र पुरून उरतात. आमच्या अकोल्याच्या ऑफिसातले एकट्या पवनचक्कीचेच इतके साचलेत की मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "हं, सांगा आता चक्कीचं!"

दर्यापूरजवळ दादाराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात आमच्या खात्यानं प्रयोग म्हणून चाळीस फुटी लोखंडी टॉवरवर पवनचक्की उभारली होती. वारा असला की ती विहिरीतलं पाणी ओढायची. पाणी खारट. पिकाला चालत नव्हतं, माणसाला नव्हतं, बैलही तोंड फिरवायचे. पण प्रयोग यशस्वी होता!

चक्की सांभाळायला नामदेव वानखडे. पोस्ट टेम्पररी, चक्की आहे तोवरच. पोरगी सुजाता मॅट्रिकला बसणार होती. चक्कीला तेल देताना तो पायातल्या चपला खाली काढून ठेवायचा.

सदुसष्टच्या डिसेंबरात तिकडे कोयनेला भूकंप झाला आणि इकडे आम्हाला पत्र आलं. ताब्यातल्या प्रत्येक उंच बांधकामाला भूकंपाचा धोका किती, ते कळवा. धोका असल्यास पाडा. आमच्या ताब्यात उंच असं एकच बांधकाम होतं. नामदेवची चक्की.

---

सोबत एक फॉर्म होता. 'आजवर किती भूकंप सोसले?' मी लिहिलं, 'एकही नाही.'

आमचे पानसे साहेब पुण्याहून नवीन बदलून आले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ओव्हरसियर, असं कसं? वर काय म्हणतील? लिहा, 'अनुभव नाही, परंतु संधी मिळाल्यास तयार आहे.'"

तसं लिहून पाठवलं. वरून काहीही शंका आली नाही!

---

मग साहेबांनी धक्के मोजायचं ठरवलं. यंत्र कुठून आणणार? टॉवरच्या पायथ्याशी काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवलं. पाणी सांडलं की धक्का! विहिरीचं खारं पाणी साहेबांना शास्त्रीय वाटेना, म्हणून दर्यापूरहून गोडं पाणी आणलं.

दुपारी पाहतो तर फुलपात्र निम्मं! साहेबांचा चेहरा पांढराफटक. "केवढा मोठा धक्का! कुणाला जाणवला?"

दादाराव धोतराच्या सोग्यानं मिशा पुसत म्हणाले, "धक्का नाई जी. मले तहान लागली होती."

---

त्यानंतर साहेबांनी पाटी लावली, 'भूकंप झाल्यास टॉवरपासून चाळीस फूट दूर उभे राहावे.'

दादारावांनी पाटी वाचली आणि पावलं मोजली. तिसाव्या फुटावर त्यांचं वावर संपून बांध लागत होता. पलीकडे चुलतभावाचं वावर, आणि दोघांचं बांधावरून बोलणं बंद.

"साहेब, हे दहा फूट कमी करा."

"अहो, टॉवर अंगावर पडेल!"

"पडू द्या! मेलो तं माह्या वावरात मरीन. त्याच्या वावरात पाय नाई ठेवत!"

साहेबांनी पाटीवर तीस फूट केलं.

---

मे महिन्यात टॉवर सरळ आहे का बघायला साहेबांनी वरून ओळंबा सोडला. टॉवर वीतभर दर्यापूरकडे कललेला! साहेबांनी तिथंच रिपोर्ट लिहायला घेतला, 'भूकंपाने कलला. तात्काळ पाडावा.'

"भूकंप नाई साहेब," नामदेव काकुळतीला आला. "काळी जमीन हाय. उन्हाळ्यात भेगा पडते, मंग हे वाकते. पानी पडलं की जमीन फुगते, अन् हे सरळ होते."

"दरवर्षी?"

"दरसाली! दादारावच्या घराची भिंतबी तशीच हाय."

"नामदेव, जमीन अशी हलत नसते!" साहेबांनी सही ठोकली. मीही खाली सही केली. वरच्याच्या सहीखाली सही करायची, ही आमची रीत. त्या दिवशी नामदेवकडे बघवलं नाही मला.

---

पाडायची मंजुरी द्यायला मुंबईचे मोठे साहेब श्रावणात येणार होते. पाऊस दणकून झाला होता. आदल्या दिवशी पानसे साहेबांनी ओळंबा सोडला आणि मटकन चिखलातच बसले. टॉवर सरळ! काडीचाही फरक नाही. आता खोटा रिपोर्ट दिला म्हणून त्यांचीच नोकरी जायची वेळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी जाडजूड दोर आणला. "नामदेव, जरा वाकवू या का? वीतभरच."

ज्याची नोकरी जाणार, त्यालाच हे विचारणं! मला शरमेनं मेल्यासारखं झालं. पण नामदेवनं चपला काढल्या, वर चढला आणि दोर पक्का बांधून आला. "काम म्हंजे काम," म्हणाला. ओढायला मात्र हात लावला नाही. दोर धरला साहेबांनी आणि मी.

ओढून ओढून आम्ही गुडघाभर चिखलात रुतलो. टॉवर जागचा हलेना. साहेबांची टोपी कधी पडली, कळलं नाही. त्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगलेली. मागं जीप कधी थांबली, तेही कळलं नाही.

मोठे साहेब उतरले. टॉवर पाहिला, दोर पाहिला, आम्हाला पाहिलं आणि नामदेवला विचारलं, "हे काय चाललंय?"

नामदेव हात जोडून म्हणाला, "साहेब भूकंप करून राह्यले जी. पन सकाळपासून काई होऊन नाई राह्यला!"