चुकीने आत, चुकीने बाहेर

आमच्या फॉर्मवर 'शेरा' म्हणून एक रकाना आहे. दोन ओळींचा. त्यात मावेल तेवढं सरकारला जातं, उरलेलं आमच्याबरोबर घरी येतं. सहा वर्षं हे काम करतेय, तेव्हा किती उरलं असेल बघा! नवरा म्हणतो, जेवताना तरी तुझ्या केसेस बाजूला ठेव. ठेवल्या असत्या, पण कुठे? म्हणून तुम्हाला सांगते.

आधी काम काय ते सांगते, कारण आमच्या नातेवाइकांना अजूनही वाटतं की मी विमा विकते. गरिबांना फुकट उपचार मिळावेत म्हणून सरकारी आरोग्य विमा असतो. कार्ड कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ते एक ऑफिस ठरवतं. ते ठरवताना ऑफिस किती वेळा चुकलं, हे आम्ही मोजतो. कॉम्प्युटर लॉटरीसारखी नावं काढतो. आम्ही घरी जातो, कागद बघतो आणि तीनपैकी एका चौकोनात टिक करतो: 'बरोबर', 'चुकीने आत', 'चुकीने बाहेर'. चूक सापडली तरी आपण दुरुस्त करायची नाही आणि घरच्यांना निकाल सांगायचा नाही. सांगितलं की लोक कागद बदलतात आणि मोजमाप बिघडतं.

घाटकोपरला मिठाईच्या दुकानावर आमची खोली आहे. आम्ही तिघं. केळकर सर मुख्य. मुलुंडचे, विमा कंपनीतून रिटायर झालेले, खिशात कायम दोन पेनं. तांडेल मढचा कोळी, उंच, कुणाच्याही घरात वाकूनच शिरणारा. आणि मी, परब. कुठल्याही केसवरून माझा जीव खालीवर व्हायला लागला की सर त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "परब, आपण थर्मामीटर आहोत. थर्मामीटर ताप उतरवत नाही."

*

बोरिवलीत एका टॉवरमध्ये गेलो होतो, मी आणि तांडेल. कार्ड गरिबाचं आणि दाराला आकडे दाबायचं कुलूप. आम्ही येणार हे फोनवर कळवावं लागतं, त्यामुळे तयारी झालेली होती. मे महिना, पंखा बंद, घरातले सगळे घामाने निथळत सोफ्यावर बसलेले. भिंतीवर वर, अगदी छताजवळ, एक चादर टांगलेली.

तांडेलने विचारलं, चादरीमागे काय आहे? यजमान म्हणाले, देवघर. तांडेलने लगेच चपला काढल्या आणि चादरीला मनोभावे नमस्कार केला. तेवढ्यात घरातलं पोरगं रिमोटवर बसलं. देवघरातून 'पीं' असा आवाज आला आणि चादर हळूहळू फुगायला लागली!

'चुकीने आत' वर टिक करून निघालो. घरकाम करणारी बाई पाणी द्यायला आली होती, ती लिफ्टपर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, माझं कार्ड नाकारलंय, माझ्या घरी कधी येणार? यादीत बघितलं. लॉटरीत तिचं नाव नव्हतं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, रँडम म्हणजे रँडम. त्यांचंही बरोबरच होतं, पण मला त्या दिवशी कुणाचं बरोबर ऐकायचंच नव्हतं.

*

आमच्या नियमात एक चूल म्हणजे एक कुटुंब. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत दोन भाऊ एकाच खोलीत राहत होते, मधे पडदा. कमाई वेगळी, भांडणं वेगळी, पण गॅस एकच. त्यामुळे दोघांची कमाई एकत्र धरली गेली, मर्यादेच्या वर गेली आणि दोघंही बाद झाले. सरांनी ओट्यावरची एकच शेगडी बघितली आणि टिक केली: 'बरोबर'.

वस्तीला काय कळायचं ते कळलं. चार महिन्यांनी त्याच गल्लीतली तीन नावं लॉटरीत आली. गेलो तर घरोघर दोन-दोन शेगड्या! दुसरी चकचकीत, वर स्टिकर तसाच. सरांनी एका बाईला विचारलं, याची नळी कुठे आहे? ती म्हणाली, "नळी शेजारणीकडे दिलीय साहेब. तिच्याकडे दुपारी येणार ना तुम्ही?"

तांडेल हसून हसून भिंतीला टेकला. मला नाही हसू आलं. त्या बाईच्या सुनेला सातवा महिना होता आणि रक्त कमी होतं, आणि घरातली सगळी अक्कल एका नळीच्या मागे लागली होती.

*

मालाडची केस माझी. विलास घाडी, ड्रायव्हर. हृदयाची झडप खराब झालेली, डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून लिहून दिलेलं. कार्ड असेल तर फुकट, नसेल तर विसरा. आणि कार्ड नाकारलेलं, कारण त्याच्या नावावर चारचाकी आहे.

घरात शिरले तर विलास भिंतीला उशी लावून बसलेला. आडवं झालं की धाप लागते. वय बेचाळीस. दहावीतली मुलगी माळ्यावर अभ्यास करत होती. बायको सुनंदा. माझं आडनाव ऐकल्यावर तिने गाव विचारलं. कणकवलीच्या बाजूचं म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला, जणू आता काम झालंच. माझे वडील गिरणीत होते, तिचे सासरेही गिरणीत. एवढ्या ओळखीवर आपल्याकडे लग्नं जमतात!

गाडी शेठची होती. शेठच्या चार टुरिस्ट गाड्या, चार ड्रायव्हरांच्या नावावर. का, ते शेठला माहीत. विलासने कधीतरी सही केली होती, विश्वासाने. पण आम्हाला कागद बघायचा असतो, आणि कागदावर मालक विलास घाडी. नियमात 'खरा मालक' असा शब्दच नाही. अर्ज नाकारला त्या दिवशी गाडी त्याच्या नावावर होती का? होती. म्हणजे नाकारणं 'बरोबर'.

इतर घरी लोक हात जोडतात की मॅडम, आमची चूक काढू नका. सुनंदा माझ्या शेजारी जमिनीवर बसली, फॉर्मकडे बघत, आणि म्हणाली, "कायतरी चूक गावली काय ओ? बघा ना नीट. एक तरी चूक काढा."

मी निकाल सांगू शकत नव्हते. गाडी नावावरून काढून पुन्हा अर्ज केलात तर कार्ड मिळेल, हे एक वाक्यही बोलू शकत नव्हते. नुसतं म्हटलं, वरती कळवते. चहा प्यायले आणि निघाले. तो चहा मला अजून आठवतो, आलं भरपूर घातलेलं.

*

तांडेलची गंमत याच सुमाराची. आम्ही खरंच घरी जातो का, हे तपासायला वरून एक माणूस नेमलेला असतो. म्हणजे चुका मोजणाऱ्यांच्या चुका मोजणारा! तो घरोघर फोन करून विचारतो, आमची माणसं आली होती का?

मुलुंडच्या एका आजींनी त्याला ठणकावून सांगितलं, कुणीही आलं नव्हतं. झालं! तांडेलला नोटीस, खोटी भेट दाखवली म्हणून. तांडेल म्हणाला, अहो, मी दीड तास बसलो होतो, आजींनी मला थालीपीठ खायला घातलं. कोण ऐकतं? शेवटी सरांना घेऊन तो आजींकडे गेला. आजींनी दार उघडलं, तांडेलला बघितलं आणि हातानेच काळजी करू नको म्हणून खूण केली. कानाशी येऊन म्हणाल्या, "इथलं बोलणं कुणाला सांगू नका म्हणाला होतास ना? फोन आला होता रे. मी ताकास तूर लागू दिली नाही."

नोटीस मागे घ्यायला पाच महिने लागले. तोवर त्या आजींची केस 'संशयित' म्हणून बाजूला काढली गेली होती.

*

आजींनी एवढं गुपित पाळलं, पण मला नाही जमलं. मालाडहून आल्यावर तीन आठवडे मी गप्प होते. मग एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सुनंदाला फोन केला. म्हटलं, शेठला सांगून गाडी नावावरून काढा आणि नवा अर्ज करा.

मग तिने विचारलं, "ह्या तुमका त्या दिवशी ठाऊक होता?"

मी हो म्हटलं.

"बरा," म्हणाली आणि फोन ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ते तीन आठवडे माझे आहेत, आणखी कुणाचे नाहीत.

सरांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, मेमो लिहिला, माझी सही घेतली. सहा वर्षांतला पहिला मेमो. मी निघाले तेव्हा म्हणाले, पुन्हा असं केलंत तर मला सांगायला येऊ नका. हे रागावणं होतं की परवानगी, ते मी विचारलं नाही.

*

शेठने सुनंदाला किती फिरवलं, त्याचा एक वेगळा किस्सा होईल. आधी म्हणाला, गणपतीत सगळे गावी गेलेत, नंतर बघू. मग म्हणाला, सीए बाहेर आहे. मग म्हणाला, तुझ्या नवऱ्याने कामच सोडलंय, मला काय घाई? शेवटी ती सकाळी नऊ वाजता जेवणाचा डबा घेऊन त्याच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. पाचव्या दिवशी गिऱ्हाईकं विचारायला लागली, तेव्हा कुठे त्याने सही केली.

हे तिने मला फोनवर सांगितलं, तेव्हा आम्ही अंधेरीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतो, वार्षिक मीटिंगला. ती म्हणाली, अर्ज आज भरला, ह्यांना आता बसूनही धाप लागते. मी म्हटलं, होईल. दुसरं काय म्हणणार?

आत परतले तर पडद्यावर आमचंच काम चाललेलं. 'चुकीने बाहेर' चं प्रमाण कमी झालं म्हणून टाळ्या! तांडेल माझ्या कानात म्हणाला, ताई, कमी होणारच ना. ज्यांना नाकारलं ते भाड्याच्या खोल्यांत राहतात. आपण पोचेपर्यंत खोली बदललेली असते. आपण 'सापडला नाही' लिहितो, आणि 'सापडला नाही' हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे जितकी माणसं हरवतील तितके आपण सुधारतो, यार!

पुढे बसलेल्या साहेबांनी मागे वळून आम्हाला शांत राहायला सांगितलं. मग समोसे आले.

*

आता शेवटचा. हा मी बघितलेला नाही. केळकर सरांनी सांगितला, ऑफिसात, बॅग खांद्यावरून न काढता.

कार्ड मंजूर झालेल्यांच्या यादीतून लॉटरी निघाली आणि त्यात घाडींचं घर आलं. एकदा गेलेला माणूस त्या घरी पुन्हा जात नाही, त्यामुळे सर गेले. सुनंदाचा बरेच दिवस फोन नव्हता. मी आपली समजत होते की हॉस्पिटलच्या गडबडीत असेल.

सर सांगत होते: दार तिनेच उघडलं. सर बसतात न बसतात तोच तिने प्लास्टिकची पिशवी आणली आणि कागद ओळीने जमिनीवर मांडले. रेशनकार्ड. उत्पन्नाचा दाखला. गाडी नावावरून उतरवल्याचा कागद. आणि सगळ्यात पुढे, सरांच्या गुडघ्यापाशी, विलासच्या मृत्यूचा दाखला. कार्ड हातात पडलं त्याच्या अकरा दिवस आधीचा.

कार्डावर आता दोनच नावं होती, तिचं आणि मुलीचं. मंजूर होऊन आलं तेव्हा तीन होती. ती स्वतः ऑफिसात गेली आणि नाव काढा म्हणाली. तिथला माणूस म्हणाला, राहू दे बाई, पुढच्या वेळी काढू, काही बिघडत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. दिवसभर थांबून नाव काढून घेतलं, वर शिक्का मारून घेतला. सरांना म्हणाली, तुम्ही लोक तपासायला येणार हे मला माहीत होतं. नसलेल्या माणसाचं नाव कार्डावर राहिलं तर तुम्ही चूक धराल.

सरांनी एकेक कागद बघितला. तारखा जुळवल्या. फॉर्म भरला, टिक केली. ती समोर उभी होती, पदर दोन्ही हातांत धरून.

"आता आमच्यात चूक नाय ना ओ?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत कुठल्याही घरात निकाल न सांगितलेल्या केळकर सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "नाही बाई. सगळं बरोबर आहे."