नकाशातली कोरी जागा

भोयर बाईंचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात, आणि त्यांचा फोन म्हटला की आधी दोन मिनिटं गुडघ्याचं गाऱ्हाणं असतं. त्या दिवशी ते नव्हतं. "सर तुह्याकडं आले का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. सर म्हणजे उरकुडे सर, आमचे चित्रकलेचे शिक्षक. जंगलाच्या कडेच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहणारी मुलं शाळा सुटल्यावर घरी पोचवायची आणि सहाच्या आत परत यायचं, हा त्यांचा दोन महिन्यांचा नेम होता. मुलं सुखरूप पोचली होती. सर मागे फिरल्याला दीड तास झाला होता. सकाळी गावकऱ्यांना ते सापडले. तिथे जे पाहिलं ते मी लिहिणार नाही. वाघाने माणूस नेला की आमच्याकडे बातमी चार ओळींची येते आणि त्यात माणसाचं फक्त वय असतं. म्हणून पाच आठवड्यांनी हे लिहिते आहे.

सर मूळचे कोरपन्याकडचे. तिकडे कापसाच्या बोंडावरही सिमेंटची राख बसते, त्यामुळे लहानपणी आपल्याला पांढरा रंग माहीतच नव्हता, असं ते सांगायचे. सावली तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते आले तेव्हा मी तासिकेवर मराठी शिकवत होते. पहिल्याच महिन्यात त्यांनी भोयर बाईंना आणि मला चहाला बसवून विचारलं की आपण तिघं मिळून नववीला एकच काम का देऊ नये? काम होतं गावाचा नकाशा. मुलं पावलं मोजत रानात जातील, भोयर बाई त्यांना माग, विष्ठा, वानरांचं ओरडणं, वेळ आणि ऋतू टिपायला शिकवतील, मी घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून प्रत्येक जागेचं नाव आणि त्या नावाची गोष्ट लिहून घेईन, आणि सर ते सगळं मांजरपाटाच्या दोन जोडलेल्या तुकड्यांवर मुलांकडून रंगवून घेतील. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. तीन शिक्षक एकाच वर्गात उभे राहिले तर तास कोणाच्या नावावर मांडायचा, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी शनिवारचे तीन तास आम्हाला मिळाले.

पहिल्याच शनिवारी सरांकडून चूक झाली. मुलं वाघाच्या खुणा घेऊन आली होती म्हणून त्यांनी हौसेने कापडावर पेन्सिलीने वाघ काढायला घेतला, छान ऐटदार, मान वळवलेला.  टोलीवरची रजनी मडावी उठली आणि म्हणाली, "त्याले काढू नोका सर."

"काऊन?"

"काढलं का तो येते."

कोणी हसलं नाही. टोलीवर रानात असताना त्याचं नाव घेत नाहीत, फक्त 'तो' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण चित्राचंही तसंच असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरा एखादा शिक्षक अंधश्रद्धेवर बोलला असता. मीच बोलणार होते. सरांनी खोडरबर घेतला, वाघ पुसला आणि रजनीलाच विचारलं की मग तो आहे हे सांगायचं कसं? तिने जरा विचार केला. म्हणाली, तिथी काहीच रंगवू नये. बाकी सगळं रंगवावं आणि त्याची जागा सोडून द्यावी.

तेच ठरलं. पुढचे चार महिने गेरू, हळद आणि बाजारच्या डबीतले रंग वापरून कापड भरत गेलं. धानाच्या बांध्या, पांदण, म्हातारीचा मोहा, फुटकी बोडी ही छोटी तळी, पाण्याने भरलेली आणि आटलेली अशी दोनदा काढलेली... आणि त्यात मधूनच कोऱ्या कापडाचे डाग. एकूण सात. जिथे त्याने बैल मारला, जिथे तो रोज पाणी पितो, जिथे रजनीची आत्या मोहफुलं वेचायला बसली होती आणि उठली नाही. ती जागा रजनीने कोणाला हात लावू न देता स्वतः सोडली, कडेने बारीक पानं काढत. सगळं पुरं झाल्यावर भोयर बाईंनी दोऱ्याने टोली ते शाळा अशी वाट धरली. सातपैकी पाच कोऱ्या जागा त्या वाटेवर होत्या.  शाळेत यायचा रस्ताच तो होता.

मग काय मागायचं ते आपोआप ठरलं. टोलीवरच्या बावीस मुलांसाठी गाडी. शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब शाळा बघायला येणार होते, त्यांना नकाशा दाखवायचा आणि निवेदन द्यायचं. निवेदन माझ्याकडे आलं. माझे वडील मोर्च्यांची पत्रकं छापून वाटायचे, मी अक्षरओळख त्या पत्रकांवर केली आहे. तेव्हा निवेदन कसं झालं असेल याची कल्पना करा. सरांनी पहिला खर्डा वाचला आणि कागद परत देत म्हणाले, "बाई, हे साहेबाले देऊ नका. रानातल्या झाडाले लावा. तो वाचूनच पळून जाते." भोयर बाई हसून लाल झाल्या. मी रागावले, आणि घरी जाऊन अर्धी उद्गारचिन्हं काढली.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सर मुलांसोबत टोलीला गेले होते, कारण सकाळीच पांदणीवर ताजे ठसे दिसले होते. मी शिक्षकखोलीत पाचवा खर्डा उतरवत होते. मुख्याध्यापक दारात आले. म्हणाले, "बाई, नकाशाचं थोडं काम राहिलं दिसते. मधीमधी पांढरं सुटलं आहे." मी मान वर केली नाही. उरकुडे सरांना विचारा, एवढंच मी म्हणाले. थोड्या वेळाने शिपाईभाऊ खिडक्यांना लावून उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटचा डबा घेऊन, नकाशा टांगला होता त्या सभागृहाकडे गेले. ते मी पाहिलं. डबा कशासाठी चालला आहे हे मला कळलंही. पण मनात आलं, असू दे, सगळं शब्दांत आहेच ना माझ्याजवळ. हे वाक्य मी कुठेही बोलले नव्हते. आज इथे लिहिते आहे.

सकाळी सर आणि मुलं कापडासमोर उभी होती. सातही जागा गडद हिरव्या झाल्या होत्या. सरांनी एकीवर बोट टेकवलं, बोट हिरवं झालं. रजनीने विचारलं, "सर, आता तो कुठी दिसन?"

"आता कुठीच नाई दिसन," सर म्हणाले. मग बोट पुसत, "आता तो कुठीबी असू शकते."

साहेब आले. नकाशा पाहून खूश झाले, गाव किती हिरवंगार आहे म्हणाले, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. माझं निवेदन त्यांनी खरोखर वाचलं, हे कबूल करायला हवं. त्यात लिहिलं होतं की नकाशातल्या कोऱ्या जागा पाहाव्यात. त्यांनी मान वळवून शोधलं आणि विचारलं, "कोरी जागा कुठं आहे यात?" मुख्याध्यापक खाली बघत होते. मी बोलायला लागले, जोरात आणि पुष्कळ. त्यांनी घड्याळ पाहिलं, कागद फायलीत घातला.

दुसऱ्या दिवसापासून सर मुलांना रोज घरी पोचवू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. हिवाळा चढत होता, धान कापून झालं होतं, दिवस लवकर कलत होता. आठवड्याला काहीतरी कानावर यायचं... टोलीवरची गाय गेली, बोडीजवळ वानरं दुपारभर ओरडत होती, कुत्री अंगणातून हलेनाशी झाली. मी एकदाच त्यांना विचारलं की मुलं पोचवल्यावर परत येताना तुमच्यासोबत कोण असतं? ते म्हणाले, "जाताना बावीस जणांची भीती राहते बाई. येताना एकाचीच." मला ते वाक्य आवडलं. मी ते वहीत लिहून ठेवलं. त्यांच्यासोबत चालायला मात्र गेले नाही. तीन शिक्षकांनी चार महिने एकेक पाऊल मोजून जो नकाशा केला, त्यात शिक्षकाची परतीची वाट आमच्यापैकी कोणीच धरली नव्हती.

ते गेले ती जागा आमच्या सात जागांतली नव्हती. मुख्याध्यापकांनी मला हे मुद्दाम येऊन सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, बाई, तिथी तर तुम्ही रंगच दिला होता, म्हणजे नकाशा तसाच राहिला असता तरी... मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. सरांना वाचवायचं काम नकाशाचं नव्हतं, गाडीचं होतं. गाडी असती तर त्या वाटेवर त्या वेळी आमचं कोणीही नसतं. मी हे त्यांना ऐकवलं, आणि ऐकवताना कळत होतं की मी स्वतःलाच ऐकवते आहे.

गाडी आली. सर गेल्याच्या चौथ्या दिवशी आली, बारा दिवस चालली आणि तेराव्या दिवशी दुसरीकडे लागली. विचारलं तर प्रस्ताव विचाराधीन आहे म्हणतात. आता आम्ही शिक्षक पाळीने मुलांसोबत जातो, दोघं मिळून, आणि दोघंच परत येतो. भोयर बाई गुडघ्याला पट्टा बांधून येतात.

सर सापडले तिथे टोलीवरच्या म्हाताऱ्यांनी एक ओली फांदी टाकली होती. त्याने माणूस नेला त्या जागेवरून जाणाऱ्या प्रत्येकाने एक फांदी टाकायची, हा त्यांचा रिवाज आहे. मुलं जाताना एक टाकतात, येताना एक टाकतात. तिथे कोणी बोलत नाही, कोणी घाईही करत नाही, आणि मला मात्र त्या वेळी आजूबाजूचं सगळं रान ऐकू येत असतं. परवा मी रजनीला हळूच विचारलं की हे किती दिवस करायचं असतं? तिने हातातली साजाची फांदी नीट वर ठेवली.

"जवापर्यंत पायी जावं लागते, तवापर्यंत."

काल तो ढीग तिच्या खांद्याला लागला.