खंडेनवमीला अडवलेलं दार

शुद्धलेखन माझं चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी आधी माफी मागून ठेवली की पुढचं लिहायला धीर येतो.

आमचं घर भवानी पेठेत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मालक, म्हणजे माझे यजमान, यंत्रमागाचे बूश करायचे, म्हणजे मागाचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या. धातूची पूड प्रेसवर साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. पूड वितळत नाही, पण कण एकमेकांना धरून घट्ट होतात. पेठेतले माग बंद पडत गेले तसं ते काम आटलं. मग पुण्याच्या कंपनीचे एक साहेब आले. त्यांना निकेल आणि टायटॅनियमच्या पुडीपासून केलेल्या बारीक पट्ट्या हव्या होत्या. अशी पट्टी वाकवली की वाकलेलीच राहते, आणि गरम पाण्यात टाकली की परत सरळ होते. पहिला आकार तिच्या ध्यानात राहतो, असं ते म्हणाले. नमुने पास झाले तर कायमचं काम मिळणार होतं.

पूड फार महाग. सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडून पैसे दिले. "उसनं हाय हे," त्यांनी मला बजावलं. "घरातलं हाय म्हणून बुडवायचं न्हाय."

टायटॅनियमची पूड ठिणगीनंही पेटते, आणि पेटली तर पाणी टाकायचं नाही, भडका उडतो, असं साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून दाराशी कोरड्या वाळूची बादली असायची. वजन करायचं काम माझं. बांगड्यांवर फडकं गुंडाळून मी बसायची, पंखासुद्धा लावायची नाही.

खंडेनवमीला मालक भट्टीचा गॅस आणायला गेले होते. माझ्यापुढे ताटात पूड उघडी होती. एवढ्यात घंटी वाजली. सासूबाई दरवर्षी या दिवशी प्रेसची पूजा करत. एका हातात पेटता कापूर ठेवलेलं ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, मागे घंटी वाजवत शेजारच्या काकू.

मी उठून दारात उभी राहिले.

"आत्याबाई, आत नका येऊ."

"सर की बाजूला, कापूर विझंल."

"पूड उघडी हाय. जाळ चालत न्हाय हितं."

"जाळ? आरती हाय ती!"

काकू हसल्या. "आता सुनंचं राज्य आलं बघा."

"माज्या पाटल्या हाईत आत," सासूबाई म्हणाल्या, "आन् मलाच दार बंद व्हय?"

लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. पूड झाकायला मागे वळावं तर त्या आत येणार. बोळातून वारा आला, ज्योत माझ्याकडे झुकली, गालाला धग लागली. त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला. मी खाली वाकले, बादलीतली मूठभर वाळू घेतली आणि कापरावर टाकली.

घंटी थांबली.

"अगं बया, आरतीवर माती टाकलीस?" काकूंनी तोंडाला पदर लावला.

सासूबाईंनी ताट तिथंच जमिनीवर ठेवलं. "माजं पैसं परत कर," एवढंच बोलल्या. मालक आल्यावर त्यांनी ताटातली वाळू बघितली, आत जाऊन पुडीवर झाकण ठेवलं. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या हातचं जेवेनात. स्वतःची भाकरी स्वतः थापायच्या.

भट्टीचा ताप सावकाश चढवावा लागतो. घाई केली तर आतली पूड आपोआप तापत सुटते आणि पट्ट्या फुगतात. गार होईपर्यंत उघडायचीही नाही. तोवर सासूबाई रोज शेडसमोर येऊन बसायच्या. नमुने बिघडले असते तर त्यांच्या पाटल्या आणि आमची रोजीरोटी, दोन्ही गेल्यात जमा होतं.

पट्ट्या निघाल्या तेव्हा मी चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. मालकांनी पकडीनं पहिली पट्टी वाकवली. ती तुटली. सासूबाई चुलीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मालकांनी पकड खाली ठेवली, ती मी उचलली. दुसरी पट्टी अगदी थोडी वाकवली आणि पाण्यात सोडली. आधी काहीच झालं नाही. मग ती हळूच हलली आणि सरळ झाली.

"परत कर," सासूबाई म्हणाल्या.

मी परत केलं. पट्टी परत सरळ झाली.

"मग पैसं कवा देतीस?"

नमुने पास झाले, काम मिळालं. दर महिन्याला मी त्यांच्या हातावर पैसे ठेवत गेले. त्या माझ्याकडे न बघता घ्यायच्या. पुढची खंडेनवमी जवळ आली तेव्हा शेवटची रक्कम दिली. त्यांनी ती दोनदा मोजली.

"फिटलं ना सगळं, आत्याबाई?" मी विचारलं.

"पैशाचं फिटलं," त्या म्हणाल्या, आणि पदराला गाठ मारली.